तानपुऱ्याची एकच तार चरचरते, तेव्हा आधी घोडीला कानस लावू नका

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. आईचा चार तारांचा मिरजेचा तानपुरा बरीच वर्षं गवसणीत पडून होता. तुम्ही चारही तारा नव्या घातल्या आणि आई लावायची तसा काळी चारला (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या सुराला) लावला. पंचम, पहिली जोड (मधल्या दोन षड्जाच्या तारांतली एक) आणि खर्ज (खालच्या षड्जाची तार) छान बोलतात. दुसरी जोड मात्र छेडल्याबरोबर ‘चर्र’ करते आणि बाकीच्यांच्या आधी गप्प होते. सूत, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या घोडीवर तारेखाली घातलेला दोरा, पुढेमागे करून पाहिलंत, थोडा फरक पडला, पण खोट गेली नाही. जवळच्या दुकानदाराने पूर्ण जवारी काढावी लागेल, म्हणजे घोडीचा पृष्ठभाग घासून त्याचा उतार परत जुळवावा लागेल, असं सांगितलं. ते खरं आहे का, आणि घरी काही करता येईल का, असं तुम्ही विचारता.

जवारी काढावी लागेलही, पण या एका लक्षणावरून ते ठरत नाही. चारांतल्या तीन तारा नीट बोलत असतील तर घोडीचा पृष्ठभाग बहुतांशी शाबूत आहे. एका तारेसाठी अख्खी घोडी घासायला काढली तर आज चांगल्या बोलणाऱ्या तीन तारांचा आवाजही पणाला लागतो. म्हणून चरचर नेमकी कुठून येते ते आधी शोधायचं. तंतुवाद्यं दुरुस्त करताना माझा सगळ्यात जास्त वेळ या शोधातच जातो. प्रत्यक्ष दुरुस्ती बहुतेक वेळा त्यापेक्षा लवकर होते.

तानपुऱ्याची अडचण अशी की इथे झंकार हा दोष नाही, तोच तर आपल्याला हवा असतो. गिटारची तार झणझणली की काहीतरी बिघडलंय हे लगेच कळतं. तानपुऱ्यात तार घोडीच्या कडेवर टेकत नाही. ती बोटभर रुंदीच्या, अगदी किंचित उतरत्या पृष्ठभागावर आडवी पडलेली असते. तार हलते तेव्हा तिचा घोडीला होणारा स्पर्श क्षणाक्षणाला पुढेमागे सरकतो. त्या सततच्या हलक्या स्पर्शामुळे मूळ स्वराची ताकद वरच्या स्वयंभू स्वरांत, म्हणजे मूळ स्वरासोबत आपोआप उमटणाऱ्या स्वरांत, वाटली जाते आणि आवाज उमलतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली तानपुरा आणि वीणेवर लिहिलेल्या निबंधात याची नोंद केली आहे. एरवी तार ज्या बिंदूवर छेडावी, तिथे ज्यांचा स्थिर (न हलणारा) बिंदू येतो ते स्वयंभू स्वर ऐकू यायला नकोत, पण तानपुऱ्यात ते ठळक ऐकू येतात. सूत घालतो ते हा स्पर्श नेमका कुठे व्हावा हे ठरवण्यासाठी.

चांगला झंकार आणि खोटी चरचर कानाने वेगळी करता येते. नीट लागलेली तार छेडल्यावर आधी स्वर येतो, मग तो फुलतो, आणि वरचे स्वर एकामागून एक पुढे येत आवाज सावकाश विरतो. खोटी चरचर तार छेडल्या क्षणीच येते. ती कोरडी असते, तिला स्वर नसतो, आणि ती थांबते तेव्हा तारेतला जीवही गेलेला असतो. तुम्ही केलेलं वर्णन दुसऱ्या प्रकारात बसतं. पण मी तुमचा तानपुरा ऐकलेला नाही, म्हणून पुढच्या तपासण्या क्रमाने करा. क्रम असा ठेवलाय की ज्यात वाद्याला काहीही इजा होत नाही ते आधी.

तुमच्याजवळ एक मोठी सोय आहे. दोन्ही जोडाच्या तारा एकाच स्वराच्या आणि एकाच जाडीच्या असायला हव्यात. म्हणजे बिघडलेल्या तारेशेजारीच तिचा चांगला नमुना आहे. प्रत्येक तपासणीत आधी पहिली जोड ऐका, मग दुसरी, एकाच बोटाने आणि एकाच जोराने. पंचम मधल्या बोटाने आणि उरलेल्या तिन्ही तारा तर्जनीने, तेही बोटाच्या मांसल कडेने. नवीन माणसाचं नख नकळत एखाद्या तारेला लागतं आणि तीच तार नेहमी ‘खराब’ ठरते. दुसरी एक फसगत म्हणजे दोन्ही जोड केसभर बेसूर असतील तर त्यांच्यात हेलकावे येतात, आवाज थरथरतो. ती चरचर नव्हे. दुसरी जोड एकटी छेडून, बाकीच्या तिन्ही तारांवर तळहात ठेवून ऐका. तेव्हाही चर्र आलं तर पुढे जा.

आता तारेच्या दोन्ही टोकांना जा. वरच्या टोकाला दोन पट्ट्या असतात. एकीच्या खाचांवर तारा टेकतात, ती अटी. दुसरीच्या भोकांतून त्या ओवलेल्या असतात, ते तारगहन. अटीच्या खाचेत तार घट्ट बसलेली नसेल, खाच रुंद झालेली असेल किंवा तारेने खाचेत खोल वाट केली असेल, तर तार तिथेच फडफडते आणि आवाज मात्र घोडीवरून आल्यासारखा वाटतो, कारण दांडी आणि तबली (भोपळ्यावरची लाकडी पाटी) तो खाली आणतात. कुणाला तरी तार छेडायला सांगा आणि तुम्ही अटीच्या खाचेवर तार बोटाने दाबून धरा. चरचर थांबली किंवा बदलली तर दोष वर आहे. खाचेत कागदाचा लहानसा तुकडा सरकवून ते पक्कं करून घ्या. कागदाने भागत असेल तर घोडीला हात लावायची काही गरज नाही. कारागीर ती खाच भरून नवी पाडून देतो, आणि ते काम जवारीच्या मानाने लहान असतं. खुंटीवर गुंडाळलेल्या तारेचं मोकळं टोक लाकडाला किंवा शेजारच्या तारेला टेकलंय का तेही बघा. नव्या तारा घातल्यावर हे टोक कापायचं राहून जातं.

खालच्या टोकाला मणी आहेत. सूक्ष्म सुरासाठी आपण ते खालीवर करतो. मण्याचं भोक मोठं असेल किंवा मणी तबलीवर नीट टेकत नसेल तर तो स्वतःच किरकिरतो. तार वाजत असताना मण्यावर बोटाचा हलका दाब द्या. आवाज बंद झाला तर मणी बदला, तेवढंच. तार जिथे अडकवली आहे तिथला फासाही बघा, त्याची शेपटी भोपळ्याला लागत असेल तर ती कापा.

भोपळ्याच्या चिरा, तबलीचा उखडलेला सांधा, नक्षीची सुटलेली पट्टी, यांची किरकिर साधारणपणे एका तारेपुरती राहत नाही. ती एका विशिष्ट स्वरावर येते. तुमच्या दोन्ही जोड एकाच स्वरात आहेत आणि पहिली स्वच्छ बोलते, त्यामुळे हा संशय जवळजवळ बाजूला ठेवता येतो. तरी जुन्या वाद्याची तबली सगळीकडे बोटाने हलकेच वाजवून बघा. जिथे सांधा सुटलेला असेल तिथे आवाज पोकळ आणि फुटका येतो.

मग तार. नवी तार चांगलीच असते असं धरून चालू नका. वेटोळ्यातून काढताना पीळ बसलेली किंवा कुठे मुरड पडलेली पोलादी तार कधीच स्वच्छ बोलत नाही. मुरड घोडीवर आली असेल तर हुबेहूब तुम्ही सांगता तसा आवाज येतो. तार थोडी सैल करून दोन बोटांच्या चिमटीतून सावकाश ओढा, मुरड हाताला लागते. जाडीही तपासा. दुकानात ‘जोडाची तार’ म्हणून जे हाती येतं ते दोन वेगळ्या वेटोळ्यांतलं असू शकतं. तारेचा नंबर जितका मोठा तितकी ती बारीक. ३० नंबरची तार साधारण ०.३१ मिलिमीटर, ३२ नंबरची साधारण ०.२७ मिलिमीटर. डोळ्यांना हा फरक दिसत नाही, पण एकाच स्वराला लावल्यावर बारीक तार सैल राहते, जास्त हलते आणि घोडीवर आपटते. दोन्ही खुंट्या एकाच स्वरावर असताना दोन्ही तारा मधोमध बोटाने दाबून बघा. एक स्पष्टपणे मऊ लागली तर उत्तर मिळालं. एकाच वेटोळ्यातली दोन तुकड्यांची जोडी घाला.

इथे परिस्थितीवर अवलंबून असलेली एक गोष्ट सांगतो. आईचा तानपुरा काळी चारचा आहे आणि तुम्हीही तिथेच लावलाय, म्हणून ठीक. हाच तानपुरा कुणी पुरुष गायक काळी एकला उतरवून लावेल तर त्याच तारा ढिल्या पडतील आणि सगळ्याच चरचरतील. तेव्हा दोष जवारीचा नसतो, तारांचा संच त्या पट्टीचा नसतो. उलट बारीक तारांना ओढून वर नेलं तर आवाज बंद आणि टणक होतो. पट्टी बदलायची असेल तर आधी तारा बदलायच्या आणि मग घोडीचा विचार करायचा.

आता सुताकडे. तुम्ही सूत सरकवलं आणि थोडा फरक पडला म्हणता, ही महत्त्वाची खूण आहे. तारेच्या घोडीवरच्या स्पर्शात काहीतरी गडबड आहे, एवढं त्यावरून कळतं. जुनं सूत काढून टाका. वर्षानुवर्षं दबून ते चपटं झालेलं असतं, त्यात धूळ आणि हाताचं तेल मुरलेलं असतं. तार उचलून घोडी कोरड्या मऊ कापडाने पुसा, पाणी किंवा तेल लावू नका. आधी सुताशिवाय तार ऐका. सुताशिवाय ती थोडी बसकी, पण स्वच्छ बोलायला हवी. मग साधं सुती शिवणकामाचं सूत, एकपदरी, तारेखाली घाला. दोन्ही हातांनी दोन टोकं धरून ते घोडीच्या मागच्या बाजूने, म्हणजे मण्यांच्या बाजूने, हळूहळू पुढे आणा आणि प्रत्येक थांब्यावर तार छेडा. एका जागी आवाज एकदम उघडतो. ती जागा फार अरुंद असते, केसभर पुढे गेलं की आवाज चिरका होतो. सूत जाड असेल तर तार घोडीवरून उचलली जाते आणि झंकारच जातो, फार बारीक असेल तर त्याचा उपयोग होत नाही. खर्जाच्या जाड पितळी तारेला मात्र बऱ्याचदा जाड किंवा दुपदरी सूत लागतं. सूत हलवलं की सूरही थोडा हलतो, म्हणून दर वेळी तार पुन्हा लावूनच निर्णय घ्या. बेसूर तारेवर सुताची परीक्षा होत नाही.

सूत घालून चिरका आणि सुताशिवायही चर्र, असं झालं तर माझा संशय घोडीवरच्या चरीकडे जातो. तुमच्या बाबतीत मला हीच शक्यता सगळ्यात जास्त वाटते, कारण बिघाड नव्या तारा घातल्यानंतर दिसला. पोलादी तार वर्षानुवर्षं एकाच जागी थरथरत राहिली की हाडाच्या किंवा शिंगाच्या घोडीतही सूक्ष्म चर पाडते. जुनी तार त्या चरीत बरोबर बसलेली असते, म्हणून तिचा आवाज चालून जातो. नवी तार थोड्या वेगळ्या जाडीची असली किंवा केसभर बाजूला बसली, की ती चरीच्या काठावर चढते. अर्धी काठावर, अर्धी पोकळीवर. मग ती पृष्ठभागाला हलके स्पर्श करत नाही, काठावर आपटते.

तपासायला सोपं आहे. ती एकच तार सैल करून बाजूला घ्या. खोलीत अंधार करा आणि मोबाइलचा दिवा घोडीच्या अगदी लगत, जवळजवळ आडवा धरा. उजेड वरून टाकला तर काही दिसत नाही. आडव्या उजेडात चर काळ्या रेषेसारखी उठून दिसते. पहिल्या जोडेखालच्या चरीशी तिची तुलना करा. आता तार पुन्हा ताणा आणि घोडीवर ती अर्धा मिलिमीटर, जास्तीत जास्त एक मिलिमीटर, बाजूला सरकवून कोऱ्या जागेवर बसवा. घोडीच्या मागच्या कडेला तारा बसायला बारीक खाचा असतात. तार त्या खाचेतून तात्पुरती बाहेर काढून ठेवली तरी तपासणीपुरती चालते. चर्र गेलं, आवाज उमलला, तर रोगही कळला आणि निम्मा उपायही सापडला.

ही सरकवलेली जागा टिकत असेल, तारांमधली अंतरं वाजवायला अडत नसतील, तर तसाच वाजवा. मी स्वतः अशा तानपुऱ्यांना लगेच कानस लावत नाही. चांगल्या कारागिराने केलेली जवारी अजून शिल्लक असेल तर ती जितकी वर्षं वापरता येईल तितकी वापरावी. घोडीची उंची मर्यादित असते. दर वेळी घासताना ती थोडी कमी होते, आणि घासलेलं परत भरता येत नाही.

घरी पॉलिशपेपरने फक्त त्या तारेखालची चर घासून टाकावी, असं वाटेल. ते करू नका. चर जाईल, पण तिच्या जागी खळगा होईल, आणि खळग्यावर तार चरीपेक्षाही वाईट वाजते. जवारी काढणारा माणूस एका तारेखालची जागा घासत नाही. तो संपूर्ण पृष्ठभागाचा उतार परत जुळवतो, आणि दर दोनचार हातांनंतर तार चढवून ऐकतो. काढायचा थर इतका पातळ असतो की डोळ्यांनी तो मोजता येत नाही, कानांनीच ठरवावा लागतो. पृष्ठभाग सपाट ठेवला तर जवारी खुली होते, झंकार जास्त येतो. थोडा गोल केला तर बंद, म्हणजे सौम्य आणि भरीव. कुणाला काय हवं हे गाणाऱ्यावर आहे. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत राहत आणि वाद्यं दुरुस्त करण्यातही वाकबगार होते. गवयाने जवारीकडे इतक्या बारकाईने बघावं हे मला अगदी योग्य वाटतं, कारण दिवसभर त्या आवाजात बसायचं असतं ते त्यालाच.

हंगामाचंही बघा. पावसाळ्यात लाकूड ओल पितं, खुंट्या घट्ट होतात, तबली किंचित फुगते. कडक उन्हाळ्यात किंवा वातानुकूलित खोलीत उलट होतं. तबली केसभर वरखाली झाली तरी घोडीचा तारेशी असलेला कोन बदलतो. पण हा बदल चारही तारांवर दिसतो. एका तारेची तक्रार हंगामावर टाकू नका. आणि बरीच वर्षं बंद असलेल्या वाद्यावर नुकताच ताण आला असेल तर जवारीचा निर्णय घेण्याआधी ते दोनतीन आठवडे रोज सुरात लावून ठेवा. तबली ताणाखाली बसली की आवाज थोडा आपोआप जुळतो. गडबडीत काढलेली जवारी तबली बसल्यावर पुन्हा बिघडते.

घोडी जागेवरून हलली आहे का हेही याच काळात बघून घ्या. बऱ्याच तानपुऱ्यांत ती तारांच्या दाबावरच उभी असते. कुठल्याही वेळी चारही तारा एकदम सैल करू नका, आणि काम सुरू करण्याआधी तिच्या चारी कोपऱ्यांशी पेन्सिलीने बारीक खुणा करा. घोडीच्या पायाखाली पातळ कागद सरकतो का ते चारही बाजूंनी बघा. एका कोपऱ्यात सरकत असेल तर पाय तबलीवर पूर्ण टेकलेला नाही, आणि त्या बाजूची तार बिघडू शकते. तुमची बिघडलेली तार कडेची नाही, मधली आहे, म्हणून ही शक्यता मी खालच्या क्रमांकावर ठेवतो.

हे सगळं करूनही चर्र गेलं नाही, किंवा चर खोल आहे आणि तार सरकवायला जागा नाही, तर मात्र जवारी काढून घ्या. तुमचा दुकानदार स्वतः काढणार आहे की दुसरीकडे पाठवणार आहे, ते आधी विचारा. वाद्य विकणारा प्रत्येक जण जवारी काढणारा नसतो. त्याने काढलेल्या दुसऱ्या एखाद्या तानपुऱ्याचा आवाज ऐकायला मागा, खरा कारागीर आनंदाने ऐकवतो. शक्य असेल तर मी मिरजेलाच न्या म्हणेन. तुमचं वाद्य तिथलंच आहे, सतारमेकर गल्लीत हे काम पिढ्यान्‌पिढ्या होतं, आणि तिथल्या सतारीला नि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. पण तुमच्या गावात तानपुऱ्याची जवारी खरोखर जाणणारा कुणी असेल तर समोर बसून काढून घेतलेलं केव्हाही चांगलं. तुम्ही गाऊन दाखवू शकता, आणि तो त्यानुसार खुली-बंद ठरवू शकतो.

आईच्या काळातली घोडी हस्तिदंताची किंवा सांबरशिंगाची असू शकते. या दोन्हींच्या व्यापाराला आता कायद्याने बंदी आहे, त्यामुळे ‘जुनी घोडी बदलून नवी टाकतो’ असं कुणी सहज म्हणालं तर लगेच हो म्हणू नका. आहे तीच घोडी दुरुस्त करून द्या असं सांगा. बदलावीच लागली तर हाडाची किंवा कृत्रिम साहित्याची चालते, पण जुनी घोडी परत मागून घ्या.

पाठवायचा असेल तर चारही तारा थोड्या थोड्या, आळीपाळीने सैल करा, पण घोडी उभी राहील इतका ताण ठेवा. घोडीच्या दोन्ही बाजूंना तबली आणि तारांच्या मध्ये मऊ कापडाच्या घड्या सरकवा. भोपळ्याच्या मागच्या गोलाला खोक्याचा तळ थेट लागता कामा नये, त्याच्याभोवती सगळीकडून गादीसारखा भराव हवा, कारण प्रवासात भोपळाच आधी फुटतो. सोबत एक चिठ्ठी घाला. कुठल्या पट्टीत लावता, कुठली तार, सूत घालून आणि सुताशिवाय आवाज कसा येतो, तार अर्धा मिलिमीटर सरकवल्यावर काय झालं, आणि खुली जवारी हवी की बंद, हे त्यात लिहा. दोन्ही जोड एकामागून एक छेडलेलं मोबाइलवरचं मुद्रणही कारागिराला पाठवा. तेवढ्यावरून तो बहुतेक वेळा वाद्य हातात येण्याआधीच सांगू शकेल, एवढीच एक तार जुळवायची आहे की सगळी घोडी.